मीटलोफ कोरडा का होतो?

प्रश्न : ताई, मुलगा हॉस्टेलवरून आला की काहीतरी गरमागरम, पोटभर हवं असतं त्याला, म्हणून मटण खिम्याचा मीटलोफ (म्हणजे ब्रेडच्या लादीसारखा आकार देऊन भाजलेला खिमा) ओटीजी ओव्हनमध्ये करते, पण दरवेळी कोरडा होतो आणि कापला की भुगा! काय करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो, मूळ अमेरिकन रेसिपी बहुतेक बीफची, त्यात चरबी बऱ्यापैकी असते, आणि आपला बोकडाचा खिमा तसा रुक्षच, त्यामुळे कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात घ्या नाहीतर घराजवळ, खाटकाला सांगायचं की थोडी चरबी घालून दोनदा काढून दे. अर्ध्या किलोला ब्रेडच्या 2 स्लाइस पाव कप दुधात भिजवून कुस्करा, ही स्टेप अजिबात गाळू नका, कारण तो ब्रेडच आतलं पाणी धरून ठेवतो. मग 1 अंडं, परतून गार केलेला कांदा, आलं-लसूण, मीठ, मिरपूड. गरम मसाला माझ्या मते नकोच, नाहीतर सरळ कबाबच करा ना!

आणि मळू नका हो, कणीक नाहीये ती, हलक्या हाताने जेमतेम एकत्र करायचं, जास्त मळलं की चिवट होतो. 180 डिग्रीला साधारण 45-50 मिनिटं, पण घड्याळापेक्षा फूड थर्मामीटर बरा, मध्यभागी 71 डिग्री झालं की बाहेर काढा (चिकन असेल तर 74). शेवटची 15 मिनिटं राहिली की वरून केचप, गूळ, थोडं व्हिनेगर. काढल्यावर 10 मिनिटं सुरी लावायची नाही, मुलगा कितीही मागे लागला तरी! उरलाच तर सकाळी तव्यावर बटरमध्ये परतून पावात.