टीबीचा कोर्स झाला, तरी आईचा दम कमी होत नाही. आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईंना दोन वर्षांपासून कोरडा खोकला आहे, चालताना धाप लागते, बेडका निगेटिव्ह असूनही टीबीचा कोर्स झाला, आणि आता सीटी पाहून ‘फायब्रोसिस आहे, उपाय नाही’ असं सांगितलंय. इतक्यात आशा सोडू नका. मी मराठवाड्यातच छातीचे विकार पाहतो. फुप्फुसात व्रण पडलेत हे स्कॅनमध्ये दिसलं. ते कशाने पडले, हे अजून कुणी शोधलेलं दिसत नाही.

सगळ्यात आधी विचारतो: घरात कूलर आहे का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयएलडी रजिस्ट्रीत, म्हणजे फुप्फुसात सूज येऊन व्रण पडणाऱ्या आजारांच्या नोंदवहीत, १,०८४ पेशंट होते. त्यांतल्या ४७ टक्के लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे श्वासावाटे जाणारी बुरशी, पिसं, विष्ठेचे कण फुप्फुसाला न सोसल्याने येणारी सूज. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध आलेला होता. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, गवत वर्षानुवर्षं तेच, टाकीत शेवाळ, आणि रात्रभर तो वारा तोंडावर. अर्थात कूलर घरोघरी आहे, तेवढ्यावरून निदान होत नाही. त्या महिन्यांत खोकला वाढतो का, ते आठवून पाहा.

मग आईंजवळ निवांत बसा आणि लिहून काढा. माळवदात पारवे आहेत का? भिजलेला कडबा, कुट्टी त्या हाताळतात का? जिनिंगमध्ये, खडी क्रशरवर कधी काम केलं होतं का? चुलीपुढे किती वर्षं गेली? ‘मी तर घरीच असते’ असं त्या म्हणतील, तरी वीस वर्षांपूर्वीचंही विचारा.

हा कागद फार मोलाचा आहे. बऱ्याचदा रेडिओलॉजिस्टकडे जाणाऱ्या फॉर्मवर नुसतं ‘खोकला’ लिहिलेलं असतं. छातीचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट यांनी हा इतिहास समोर ठेवून एकत्र स्कॅन पाहावा. रिपोर्टबरोबर सीडीही न्या, आणि श्वास सोडून काढलेल्या फिल्म घेतल्यात का ते विचारा. हवा आत अडकते का, ते त्यांतच कळतं. सांधे दुखत असतील किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर संधिवाताचे डॉक्टरही हवेत. बायोप्सी सगळ्यांनाच लागत नाही.

कूलर मात्र आजच बंद करा. स्टिरॉइड परस्पर सुरू करू नका. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये ते उपयोगी पडू शकतं, पण आयपीएफमध्ये, म्हणजे कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, अपाय होऊ शकतो. आणि चालताना ऑक्सिजन ९० च्या खाली जात असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.