कुसळी माजलेलं गायरान, गुरं आणि हरणं

प्रश्न (बीड जिल्हा): गायरानात कुसळीच उरली आहे. दसऱ्यानंतर गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि हरणं हरभऱ्यावर येतात. उन्हाळ्यात गायरान पेटवलं तर चांगलं गवत येईल का?

उत्तर: पेटवू नका. कुसळीचं बी कुसळाच्या पिळामुळे मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं. मारवेल, पवन्या या चाऱ्याच्या चांगल्या गवतांचं वर पडलेलं बी जळून जातं. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कुसळी आणखी दाट. ती फुलोऱ्यावर येताच, कुसळं धरण्याआधी कापून वाळवा. चारा बऱ्यापैकी मिळतो आणि नवं बीही पडत नाही. पंधरा दिवस उशीर झाला, तर तेच गवत जनावरांच्या तोंडाला टोचतं.

मूळ नुकसान मृगाच्या पावसानंतर लगेच गुरं सोडल्याने होतं. तेव्हा ठोंब मुळातल्या साठ्यावर फुटत असतात. कोवळी फूट सारखी खुडली गेली की गोड गवत आधी मरतं. गवत वीतभर होईपर्यंत चराईबंदी हवीच, आणि ती ग्रामसभेत ठरवा. एकट्यादुकट्याने पाळून उपयोग नाही. गायरानाचे चार भाग करा. एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवा, दरवर्षी बंद भाग बदला. बाकीच्यांत 8 ते 10 सेंमी बुडखा उरला की गुरं पुढच्या भागात हलवा. गाय जिभेने गवत वेटाळून ओढते. त्याहून आखूड गवतावर ती दिवसभर फिरते, पण पोट भरत नाही.

हरणाचं तोंड बारीक. त्याला आखूड, कोवळी फूट लागते, आणि काळविटाला दूरवर दिसेल असं मोकळं रान. म्हणून शेतांपासून लांब, पाणवठ्याजवळ काही पट्टे ऑगस्टअखेर कापा. जमिनीत ओल असल्याने तिथे पुन्हा फूट येते.

मोकळ्या जागी जूनमध्ये स्टायलो टाका. ही द्विदल वैरण गवतापेक्षा जास्त दिवस हिरवी राहते. बी 80 अंश गरम पाण्यात 4 ते 5 मिनिटं ठेवून काढा, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, मग ओलसर मातीत मिसळून फेका. बियांचं कवच कठीण असतं; हे न केल्यास उगवण फार विरळ होते.

मात्र डिसेंबरनंतर गवत वाळतं, त्यातली प्रथिनं घटतात आणि शेजारी हरभरा हिरवागार असतो. तेव्हा राखण किंवा जाळीचं कुंपण लागणारच. कुंपणात वीज सोडू नका. माणसं मरतात, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट संरक्षित आहे. पिकाचं नुकसान झाल्यास वनविभागाकडे लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्या.