सेव्ह न करताच सर्व्हर गरागरा फिरतोय

प्रश्न: आमच्या काकांचं शाहू मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे, त्यांच्यासाठी मी नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, काढायचं छोटं सॉफ्टवेअर करतोय. आधी प्रत्येक बदलाला सर्व्हर बंद करून परत उठवायला कंट्रोल सी, वरचा बाण, एंटर, बोटं दुखायला लागली म्हणून एका मित्रानं नोडमॉन (फाइल बदलली की सर्व्हर आपोआप रिस्टार्ट करणारं टूल) टाकायला सांगितलं. आता मी कीबोर्डला हात लावला नाही तरी सर्व्हर आपला आपणच रिस्टार्ट होत बसतोय. त्यात परवा व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचा एडिटर) अजून दोन मोठे प्रोजेक्ट उघडले तर नोडमॉन म्हणतंय जागाच शिल्लक नाही, आणि हार्ड डिस्क तर अर्धी रिकामी! लॅपटॉपवर जुनं उबुंटू लिनक्स आहे. (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: भावा, ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकात एक मिसळू नको. पहिलं सांग, शेवटच्या पट्टीचा नंबर कुठं ठेवलायस? माझी पैज, प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये एखाद्या जेसन (डेटा साठवायच्या) फाइलीत. नोडमॉन नुसत्या जेएस (जावास्क्रिप्ट) फाइली बघत नाही, काही न सांगता जेसनवर पण त्याची नजर असते, म्हणजे तुझं ॲप उठलं की ती फाइल लिहितंय, नोडमॉनला वाटतं कोड बदलला, ते ॲप मारून परत उठवतंय, उठलं की परत लिहितंय, घाण्याचा बैल झालाय नुसता. खात्री करायची तर नोडमॉन व्हर्बोज (सविस्तर माहिती दाखवायचा पर्याय) लावून चालव, कुठल्या फाइलीमुळं रिस्टार्ट झाला ते स्क्रीनवर छापून येतं. मग ती फाइल नोडमॉनच्या इग्नोरमध्ये (बघायचंच नाही अशा यादीत) टाक, पण मला विचारशील तर डेटा प्रोजेक्टच्या बाहेरच हलव, शेतकऱ्याचा हिशोब आणि कोड एका फोल्डरात ठेवायचाच कशाला, उद्या गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) चढला म्हणजे?

नोड 22 किंवा पुढचं असेल तर नोडमॉनची गरज पण नाही, नोडलाच वॉच म्हणून फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) आहे (18.11 मध्ये आला तेव्हा कच्चा होता, 22 मध्ये पक्का झाला). तो फक्त तुझी मुख्य फाइल आणि तिनं इम्पोर्ट केलेल्या फाइली बघतो, त्यामुळं हा घोळ सहसा होत नाही. जेसन कोडमध्ये रिक्वायर करून (इम्पोर्टसारखंच) आणलं असशील तर मात्र परत तेच.

आता जागेचं. डिस्क साफ करायला बसू नको, बरेच जण बसतात, मी पण एकदा अख्खा रविवार घालवलाय, लग्नाचे व्हिडिओ उडवले आणि एरर तशीच्या तशी! लिनक्समध्ये फाइल बदलली की कळवायचं काम कर्नलमधलं (सिस्टीमच्या गाभ्यातलं) आयनोटिफाय करतं, 2005 पासून आहे ते. त्याला एक फोल्डर दाखवला तर आतले फोल्डर ते आपणहून बघत नाही, प्रत्येकावर वेगळा पहारा (वॉच) बसवावा लागतो, आणि एका युझरला किती पहारे मिळणार याला मर्यादा आहे. जुन्या कर्नलवर साधारण 8192. नोडमॉन, व्हीएस कोड, सगळे त्याच कोट्यातनं खातात. कोटा संपला की कर्नल नवीन एरर न काढता डिस्क भरल्याचीच जुनी एरर फेकतो. सिस्टीम कंट्रोलच्या फाइलीत (sysctl.conf) मॅक्स युझर वॉचेस (fs.inotify.max_user_watches), म्हणजे ही पहाऱ्यांची मर्यादा, 524288 कर आणि सेटिंग परत लोड कर. कर्नल 5.11 च्या पुढं हा आकडा रॅम बघून आपोआप वाढवला जातो, म्हणून नव्या लॅपटॉपवाल्यांना हे सहसा भेटत नाही.

आणि काकांच्या काउंटरवरच्या मशीनवर नोडमॉन ठेवू नको बाबा. सौदा चालू असताना कुणी फाइल सेव्ह केली की पट्टी अर्धी लिहूनच ॲप मरायचं, मग काकांना तोंड तूच दे.

प्रश्न: सेव्ह केलं की टेस्ट आपोआप चालाव्यात म्हणून जेस्टला (जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं टूल) वॉच ऑल लावलं, पण दरवेळी सगळ्याच टेस्ट चालतात, चार मिनिटं जातात, तोवर मी काय करत होते तेच विसरते. (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर: ताई, त्यातलं ऑल काढा, नुसतं वॉच ठेवा. मग जेस्ट गिटला विचारतं की शेवटच्या कमिटनंतर (गिटमधल्या शेवटच्या नोंदीनंतर) काय बदललंय, आणि तेवढ्याशीच संबंधित टेस्ट चालवतं, त्यामुळं प्रोजेक्ट गिटमध्ये पाहिजे. चालू असताना पी दाबून फाइलीच्या नावानं गाळता येतं, एफ दाबलं की फक्त फेल झालेल्या. सगळ्या टेस्ट पुश करायच्या आधी एकदा चालवा, तेव्हा चार मिनिटं लागू देत की, चहा होतो तेवढ्यात. अजून एक, व्हीएस कोडचं ऑटो सेव्ह डिलेवर असेल तर टाइप करताना जरा थांबलं की सेकंदाभरात सेव्ह होतं, अर्धी ओळ लिहून झालेली असते आणि टेस्ट लालभडक. ते फोकस बदलल्यावर सेव्ह होईल असं करा, नाहीतर सरळ बंद करून कंट्रोल एस दाबा.