निरोगी पेशींमध्ये मुद्दाम ल्युकेमिया का घडवतात?

तुमच्या भाचीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालाय आणि त्यातच शास्त्रज्ञ जीन एडिटिंगने, म्हणजे पेशीतली जनुकं मुद्दाम बदलून, चांगल्या पेशींना मुद्दाम तोच आजार लावतात असं वाचलंत. असं का करतात, हा तुमचा प्रश्न. मी हेच काम करते, म्हणून सांगते.

निदान होतं तेव्हा आजार पुरता पसरलेला असतो. नमुन्यातल्या पेशींत अनेक बिघाड एकत्र सापडतात. पहिला कुठला, नंतरचा कुठला, हे सांगणं फार कठीण. मुलांच्या बऱ्याच ल्युकेमियांची सुरुवात तर आईच्या पोटातच झालेली असते. ती बघायची तर समोर घडवावी लागते.

तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात बरेचदा ११व्या गुणसूत्रावरचं केएमटी२ए जनुक तुटून भलत्याच गुणसूत्राला जोडलं गेलेलं असतं. आम्ही दान मिळालेल्या नाळेच्या रक्तातून स्टेम सेल, म्हणजे रक्ताच्या सगळ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशी, वेगळ्या करतो आणि क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राने ११व्या व ९व्या गुणसूत्रांवर ठरलेल्या जागी काप घेतो. तुटलेली टोकं पेशी स्वतःच जोडते. बहुतेक पेशींत ती जागच्या जागी जुळतात, अगदी थोड्या पेशींत अदलाबदल होते. पण त्या थोड्या पेशी बाकीच्यांना मागे टाकत वाढतात. डीएनएच्या चाचणीत जेलच्या पट्टीवर या अदलाबदलीची रेघ उमटते; सुरुवातीला जेमतेम दिसणारी ती रेघ काही आठवड्यांनी ठळक होते. ती बघताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

२०२१ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी डाउन सिंड्रोमच्या मुलांमधल्या ल्युकेमियाचा असाच माग काढला. गर्भाच्या यकृतातल्या स्टेम सेलमध्ये त्यांनी जीएटीए१ या जनुकात बदल केला. डाउन सिंड्रोममध्ये असतं तसं २१वं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असलेल्या पेशींतच त्यातून ल्युकेमियाची पूर्वावस्था आली. एसटीएजी२ हे जनुकही बंद पाडल्यावर मात्र उंदरांत पुरता ल्युकेमिया उभा राहिला, आणि तेव्हा जादा गुणसूत्राची गरजही उरली नाही. म्हणजे जादा गुणसूत्र लागतं ते पहिल्या पायरीला! हे नुसत्या रुग्णांच्या नमुन्यांवरून कसं कळणार होतं?

या पेशी भांड्यात आणि प्रयोगाच्या उंदरांत वाढतात, कुठल्याही मुलाला दिल्या जात नाहीत. आणि घडवलेला आजार खऱ्यासारखा आहे का, हे शेवटी मुलांच्या नमुन्यांशीच ताडून बघावं लागतं. भाचीच्या तपासणीतून उरलेला नमुना संशोधनासाठी ठेवायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं तर संमतीपत्र नीट वाचा, शंका विचारा. घरच्यांना पटलं तर हो म्हणा. आम्हाला त्या नमुन्यांची फार गरज असते.