कोणती लँग्वेज शिकू, मॅडम?

गेल्या आठवड्यात एका आईंचा मेसेज आला. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झालीय, आधी जावा या प्रोग्रामिंग लँग्वेजचा क्लास केला, मग पायथनचा, आता मैत्रीण म्हणते गो ही लँग्वेज शिक, आणि नोकरी लागली ती सपोर्टमधे, म्हणजे चालू सॉफ्टवेअर अडलं की बघायचं काम, रोज रडतेय, तर नेमकी कोणती लँग्वेज शिकली की तिचं बस्तान बसेल तेवढं सांगा. असे मेसेज मला महिन्याला तीन-चार तरी येतात, पोरांचे स्वतःचे येतात ते वेगळेच. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारून लिहितेय. नाव लिहिणार नाही, तो बार्शीचा म्हणून आपण त्याला बार्शीकर म्हणू.

बार्शीकर माझ्याकडे आला तो २०२३ च्या दिवाळीनंतर. दिवाळीला घरी गेलाच नव्हता, शिफ्ट आहे असं खोटं सांगून पुण्यात खराडीच्या रूमवर एकटा पडून होता. रविवारी संध्याकाळी पोटात कळ यायची, सोनोग्राफी झाली, नॉर्मल आली, डॉक्टरांनीच त्याला समुपदेशकाकडे जा म्हणून सांगितलं. बॅग मांडीवर घट्ट धरून बसला आणि पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, माझं सी कच्चं राहिलं ना, तिथूनच सगळं बिघडलं."

मी प्रोग्रामर नाही. पण हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतली इतकी पोरं समोर बसून गेलीत की त्यांच्या तोंडचे शब्द आता मला कळतात, आणि जे कळत नाही ते मी सरळ विचारते. तर त्याला म्हटलं, सांग, सी पासून सांग.

फर्स्ट इयरला सी, तेही टर्बो सी मधे. ती निळी स्क्रीन, प्रत्येक प्रोग्रामच्या वर कोनिओ डॉट एच आणि शेवटी गेटच, या ठरलेल्या ओळी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर २०१८ साली त्याच्या कॉलेजच्या लॅबमधे चालू होतं. त्यात इंट, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा, म्हणून ३२,७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. आजच्या बहुतेक कंपायलरमधे, म्हणजे कोड मशीनला कळेल असा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, तो चार बाइटचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे पहिल्या इंटरव्ह्यूमधे इंट किती बाइटचा असं विचारल्यावर तो छातीठोकपणे दोन म्हणाला आणि समोरचे दोघं हसले. ते हसू तो पाच वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय असं वाटावं इतक्या ताजेपणाने त्याने मला सांगितलं, प्रत्यक्षात दोन वर्षं झाली होती. मला अशा वेळी फार राग येतो, पोराचा नाही, पैसे घेऊन जुनाट गोष्ट शिकवणाऱ्यांचा.

सेकंड इयरला सी प्लस प्लस आणि डेटा स्ट्रक्चर, आणि लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींची साखळी, तिथपाशी पोचला तोच मार्च २०२० उजाडला. लॉकडाऊन. थर्ड इयर अख्खं मोबाईलवर, बार्शीत घराच्या गच्चीवर रेंज शोधत, प्रॅक्टिकल म्हणजे व्हॉट्सॅपवर आलेला कोड वहीत उतरवणे. या बॅचच्या पोरांचं हे दुखणं मला अजून पुरतं ऐकून घेतलं गेलंय असं वाटत नाही. मार्क चांगले आहेत, डिग्री खरी आहे, आणि तरी आतून प्रत्येकाला वाटतं की आपण फसवून पास झालोय.

फायनल इयरला नशिबाने एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर मिळालं, गावात पेढे वाटले. आणि मग जॉइनिंग लांबत गेलं. २०२२ च्या बॅचमधल्या बऱ्याच पोरांचं असं झालं, पुढच्या महिन्यात कळवू, पुढच्या क्वार्टरला कळवू. अकरा महिने. या अकरा महिन्यांत त्याने काय केलं तर जावा फुल स्टॅक, म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू शिकवणारा क्लास, फी ४५,००० रुपये, अर्धवट. मग कुणी म्हणालं जावा जुनी झाली, पायथन कर, म्हणून पायथन. मग डेटा सायन्स. मग रिअॅक्ट, वेबपेज बनवायचं साधन. मग कंटाळून छोट्या कंपनीत अॅप्लिकेशन सपोर्ट, रोटेशनल शिफ्ट, हातात १८,००० रुपये, आणि शिवाय बॉण्ड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार.

इथे एक सांगायलाच हवं, पायथन काही जावाच्या नंतर आलेली नाही. पायथन बाहेर आली १९९१ मधे, जावा १९९५ मधे. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने फोन काढून चेक केलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. ज्या कारणासाठी एक क्लास सोडून दुसऱ्याची फी भरली ते कारणच खरं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी त्याला कागद दिला. म्हटलं, प्रत्येक लँग्वेजपुढे तीन गोष्टी लिही, किती दिवस केली, काय बनवलं, आणि नेमकी कुठे सोडली. पहिल्या दोन रकान्यांना दहा मिनिटं लागली. तिसऱ्याला आमचा अख्खा तास गेला. सी सोडली पॉइंटरपाशी, म्हणजे मेमरीतले पत्ते वापरायच्या धड्यापाशी, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला नाही, पॉइंटर कळले होते, सरांनी लिंक्ड लिस्ट स्वतः लिहून आणा म्हटलं तेव्हा सोडली. जावा? क्लासमधे लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट सरांबरोबर झाला, मग आता आपापला विषय घेऊन करा म्हणाले, त्या आठवड्यात जाणं बंद. पायथनचे व्हिडिओ एक नंबर बघितले, शेवटी असाइनमेंट होती, ती उघडली नाही. रिअॅक्टचंही तेच.

कागद मी त्याच्याकडे फिरवला आणि काही बोलले नाही. तोच म्हणाला, "म्हणजे मी लँग्वेज सोडतच नाय मॅडम. एकटं बसायची वेळ आली की पळतो."

मग मी विचारलं, नवीन क्लासची फी भरली त्या रात्री झोप कशी लागायची? तर म्हणाला, मस्त, एकदम शांत. हेच तर! जीव घाबरायचा, फी भरली की घबराट उतरायची, दहा-पंधरा दिवसांनी परत अडकायची वेळ, परत घबराट, परत दुसरा क्लास. पोटाची कळ आणि क्लास एकाच दोरीला बांधलेले होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरगं मेहनती आहे, सारखं शिकतंय. आईबापांनाही तेच वाटतं, म्हणून ते बिचारे कर्ज काढून पुढचा क्लास लावून देतात.

आणि याच दोरीचं शेवटचं टोक फार वाईट असतं, ते त्याने तिसऱ्या भेटीत मान खाली घालून सांगितलं. एकाने त्याला ६०,००० रुपयांत तीन वर्षांचा एक्सपिरियन्स बनवून देतो म्हणून सांगितलं होतं, ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग सगळं. दहा हजार टोकन देऊनही झाले होते. मी उपदेश केला नाही, पण स्पष्ट बोलले. पीएफच्या यूएएन नंबरवर, म्हणजे प्रत्येक नोकरदाराच्या कायमच्या पीएफ नंबरवर, कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते दिसतं, बॅकग्राउंड चेकमधे ते बघतात, आणि पकडलं गेलं की नोकरी तर जातेच, पण खोटे कागद करून वापरणं हा सरळ गुन्हा आहे. आणि समजा नाही पकडलं, तर तीन वर्षांच्या अनुभवाचं काम पहिल्या दिवशी समोर येणार, मग रविवारच्या कळीचं काय होईल? त्यावर तो रडला. दहा हजार सोडून दिले. बॉण्डचंही त्याच्या मनात भूत होतं, की सोडली कंपनी तर जेलमधे टाकतील. तसं काही नसतं, तो दिवाणी विषय आहे आणि करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई धरतं, तरी सही केलेला कागद एकदा वकिलाला दाखव म्हणून सांगितलं, त्याने दाखवला.

जानेवारीत वडील आले. बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहेत, पांढरा सदरा, पिशवीत पोराला दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्यातली एक पुडी माझ्यासाठी. म्हणाले, "आम्हाला ह्यातलं काय कळत नाय बघा मॅडम, पण हा म्हणतो भाषा बदलली की सगळं परत पहिल्यापासून. असं असतंय का?" मग स्वतःच सांगायला लागले, की तीस वर्षं रोजकीर्द-खतावणी लिहिली, जीएसटी आल्यावर मालकांनी टॅली घेतलं, पहिले दोन महिने हात थरथरायचा, माउस धरता यायचा नाही. "पण जमा-नावे तेच हो. तूर आली, हमाली कापली, तोलाई कापली, पट्टी दिली. ते डोक्यात पक्कं होतं म्हणून बटणं शिकलो. आणि संध्याकाळी चार रुपयांचा फरक लागला ना, तर तो सापडंस्तोवर घरी जायचं नाय. वहीत पण नाय, टॅलीत पण नाय."

बार्शीकर बापाकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी वडिलांनी दुकानातली एक कोरी वही पाठवली, लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी. तिच्यात तो रोज लिहायला लागला. नियम मी घालून दिला होता, अडकलं की लगेच व्हिडिओ उघडायचा नाही, एआयला विचारायचं नाही, आधी पंचवीस मिनिटं त्याच अडचणीपाशी बसायचं आणि नेमकं काय होतंय, मी काय करून बघितलं, ते लिहायचं. पंचवीस मिनिटांनी खुशाल विचार. पहिल्या आठवड्यात त्याला सात मिनिटांच्या पुढे बसवेना, हात घामेजायचे. ही भीती अशी थोडी थोडी सोसूनच कमी होते, समजावून नाही होत.

आता ज्या सपोर्टला तो शिव्या घालत होता तिथली गोष्ट. रात्री अडीचच्या सुमाराला एका डिस्ट्रिब्युटरची फाइल यायची, ती बार्शीकरच्या कंपनीतला जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, उचलायचा, आणि कधीकधी जॉब फेल. टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, यायचं, जो शिफ्टला असेल तो रिस्टार्ट मारायचा, चालायचं, टिकेट बंद. दोन वर्षं सगळे तेच करत होते. याच्या वहीत मात्र नोंदी साठत गेल्या, "२.४०, फाइल अर्धी, रिस्टार्ट, ओके." अशा चौदा नोंदी झाल्यावर त्याला दिसलं की हे सगळं महिन्याच्या एक-दोन तारखेलाच होतंय. महिनाअखेरची फाइल मोठी असते, ती पूर्ण यायच्या आधीच इकडचा जॉब ती उचलून मोकळा. लीडला, म्हणजे टीमच्या वरिष्ठाला, सांगितलं, लीड म्हणाला लिहून दाखव. फाइलचा साइज दोन मिनिटं वाढला नाही तरच जॉब चालू करायचा, एवढंच करणारी वीस-बावीस ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची फाइल. लिहायला नऊ दिवस लागले. पुढच्या एक तारखेला शिफ्ट नसताना तो जागा होता, आणि पहाटे तीन वाजता मला मेसेज, "चालली."

शेल स्क्रिप्ट शिक असं त्याला एकाही क्लासवाल्याने सांगितलं नव्हतं. मग डेटा तपासायला एसक्यूएल, डेटाबेसला प्रश्न विचारायची लँग्वेज, आलं. तो जॉब जावात लिहिलेला, म्हणून कोड वाचायला जावा परत उघडली, आणि यावेळी ती राहिली.

तर त्या आईंना माझं सांगणं असं, की मुलीला तोच कागद द्या, कुठे सोडलं ते लिहू दे. नवीन क्लासची फी तूर्तास भरू नका. जी लँग्वेज त्यातल्या त्यात येते तिच्यातच एक छोटी गोष्ट स्वतःची बनवू दे, मोडू दे, दुरुस्त करू दे. सपोर्ट म्हणजे करिअर संपलं असं अजिबात नाही, पण सगळे सपोर्ट सारखेही नसतात, म्हणून तिला विचारा की लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः लिहिलेल्या नोंदी, बघायला मिळतात का, डेटाबेसला क्वेरी मारून, म्हणजे प्रश्न विचारून, माहिती काढता येते का, कोड निदान वाचायला मिळतो का. वर्ष झालं तरी यातलं काहीच मिळत नसेल आणि नुसतं टिकेट पुढे ढकलणं चालू असेल तर मात्र तिथून निघायच्या तयारीला लागावं. आणि झोप, जेवण बिघडलं असेल, रडणं थांबतच नसेल तर लँग्वेजचा विषय बाजूला ठेवून आधी तिला कुणाकडे तरी घेऊन या, माझ्याकडेच असं नाही.

बार्शीकरने या वर्षी कंपनी बदलली, जावा डेव्हलपर म्हणून, पॅकेज फार मोठं नाही पण दिवसाची शिफ्ट आहे. वही तिसरी चालू आहे. पोटाची कळ रविवारची थांबली, महिन्याच्या एक तारखेच्या आदल्या रात्री अजून येते, नव्या ठिकाणी ती फाइल नाही की तो जॉब नाही तरीही. त्यावर आमचं काम चालू आहे, पुढची भेट पंधरा दिवसांनी.