मँचेस्टर युनायटेडच्या घसरणीचा खरा टर्निंग पॉइंट कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युनायटेडवाल्यांच्या ग्रुपमध्ये रोज वाद होतो, कोणी म्हणतं मॅनेजर फर्गसन २०१३ ला क्लब सोडून गेला तिथेच सगळं संपलं, कोणी मालक ग्लेझरांच्या नावाने खडे फोडतं, कोणी २०१८ ला तेव्हाचा मॅनेजर मोरिन्यो याला सेंटर-बॅक (मधला बचावपटू) दिला नाही तिथे बोट ठेवतं. तुम्ही स्वतः २०१७ पासून बघताय, म्हणून जुन्या लोकांचं मत हवंय.

माझं मत: २००९ ची उन्हाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत. नुसतं एवढंच ग्रुपवर टाकलंत तर लोक तुम्हाला वेड्यात काढतील, कारण त्यानंतर आपण २०११ आणि २०१३ ला लीग जिंकलो आणि मध्ये एकदा चॅम्पियन्स लीगच्या फायनललाही गेलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात ग्लेझरांपासून करावी लागेल. २००५ पर्यंत क्लबच्या डोक्यावर कर्ज नव्हतं. १९९१ पासून लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली, चांगला नफा कमावणारी कंपनी होती. अमेरिकेतला माल्कम ग्लेझर २००३ पासून तिचे शेअर गोळा करत होता, पण त्याच्या हातात ताबा जायला एक घोडा बराचसा कारणीभूत आहे. तुमच्या वयाच्या पुष्कळांना ही गोष्ट माहीत नसते. रॉक ऑफ जिब्राल्टर नावाचा शर्यतीचा घोडा फर्गसनच्या लाल-पांढऱ्या रंगात पळायचा. २००१-०२ मध्ये त्याने अव्वल दर्जाच्या सलग सात शर्यती मारल्या. शर्यती थांबल्यावर खरा पैसा पैदाशीत असतो, आणि त्या पैशात आपला अर्धा वाटा आहे असं फर्गसनचं म्हणणं होतं. जॉन मॅग्नियर या आयरिश घोडेवाल्याला ते मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं, २००४ मध्ये तडजोड झाली. आता मजा बघा, हाच मॅग्नियर आणि त्याचा भागीदार मॅक्मॅनस यांच्याकडे युनायटेडचे जवळपास २९ टक्के शेअर होते. मे २००५ मध्ये त्यांनी ते ग्लेझरला विकले आणि खेळ आटोपला.

घोड्यावरून भांडण झालं नसतं तर ग्लेझर आलेच नसते, असं मी म्हणणार नाही. ते दोघे गुंतवणूकदार होते, भाव बरा मिळाला असता तर एरवीही विकलं असतं. पण आपल्याकडे फर्गसनबद्दल एक शब्द वावगा बोललेला कोणाला चालत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पुढे ग्लेझर चांगले मालक आहेत असं प्रशस्तिपत्रकही तोच देत राहिला.

ग्लेझरांनी सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि ते कर्ज शेवटी आलं क्लबच्याच गळ्यात. आयजीच्या जिवावर बायजी उदार! काही समर्थकांनी त्याच वर्षी वैतागून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला आणि इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवरून खेळायला सुरुवात केली. जानेवारी २०१० मध्ये क्लबने सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे काढून कर्ज फिरवलं. त्या वेळी ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्या मैदानावर हिरवे-सोनेरी मफलर दिसायला लागले, तो न्यूटन हीथ या क्लबच्या मूळ अवताराचा रंग. आपला जुना खेळाडू बेकहॅम मिलानकडून खेळायला आला होता, त्यानेसुद्धा मॅचनंतर तो मफलर गळ्यात घातला.

मग टर्निंग पॉइंट २००५ का नाही? कारण कर्ज असूनही पुढची काही वर्षं पैसा निघत होता. कॅरिक, हारग्रीव्ह्ज, नानी, अँडरसन, बर्बाटोव्ह हे सगळे ग्लेझर आल्यानंतरचे. २००७, २००८, २००९ अशा सलग तीन लीग आणि मॉस्कोत चॅम्पियन्स लीग. नुसत्या कर्जाने टीम बिघडते असं म्हणावं तर ही तीन वर्षं आडवी येतात.

आता २००९. रोनाल्डो ८ कोटी पौंडांना रेआल माद्रिदला गेला, टेव्हेझ रस्ता ओलांडून मँचेस्टर सिटी या शेजारच्या क्लबात गेला. आत कोण आलं? विगानहून व्हॅलेन्सिया, बोर्डोहून ओबर्टान, आणि सात नंबरचा शर्ट घालून फुकटात लिव्हरपूलचा जुना स्ट्रायकर मायकेल ओवेन. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होतो. ओवेनची बातमी आली तेव्हा आमच्या मजल्यावरच्या लिव्हरपूलवाल्याला हसू आवरेना आणि आम्हाला रडावं की काय ते कळेना. व्हॅलेन्सिया पुढे दहा वर्षं राबला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आलेल्या ८ कोटींतला मोठा भाग टीमवर परत लागलाच नाही. बाजारात सध्या योग्य भावाला काही मिळत नाही, असं फर्गसन पत्रकारांना सांगायचा. त्याच सुमाराला शेजारी सिटीत अबू धाबीचा पैसा येऊन पडला होता (सप्टेंबर २००८), म्हणजे भाव खाली येण्याची शक्यता शून्य.

माझा सगळा भर मिडफिल्डवर आहे. २००७ मध्ये हारग्रीव्ह्ज आणि अँडरसन घेतले. हारग्रीव्ह्जचे गुडघे गेले, अँडरसनवर टीमला कधी भिस्त ठेवता आलीच नाही. त्यानंतर २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत टीममध्ये थेट उभा राहील असा एकही सेंट्रल मिडफिल्डर विकत घेतला नाही. सहा वर्षं! बाकी जागांवर खरेदी झाली, गोलकीपर डे हेआसारखा सोन्याचा सौदा झाला, आणि बेबे नावाचा एक मुलगाही आला, ज्याला आपण खेळताना पाहिलं नव्हतं हे फर्गसनने स्वतःच सांगितलंय. मिडफिल्डला मात्र कोणी हात लावला नाही.

याचा परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल तर ३१ डिसेंबर २०११ ते ८ जानेवारी २०१२ हा आठवडा बघा. ३१ डिसेंबर म्हणजे फर्गसनचा सत्तरावा वाढदिवस. समोर तळाला असलेली ब्लॅकबर्न, तीही ओल्ड ट्रॅफर्डवर. दुखापतींमुळे मिडफिल्डला माणूस नाही म्हणून राफाएल, म्हणजे आपला राइट-बॅक, पार्क जी-सुंगबरोबर मधोमध उभा केला. २-३ हरलो. पॉग्बा तेव्हा १८ वर्षांचा होता, क्लबमध्येच होता, त्याला उतरवलं नाही. चार दिवसांनी न्यूकॅसलमध्ये ०-३. आणि त्या रविवारी एफए कपमध्ये सिटीविरुद्ध सब्स्टिट्यूटच्या यादीत अचानक नाव दिसलं: स्कोल्स, २२ नंबर. मे महिन्यात निवृत्त झालेला, ३७ वर्षांचा पॉल स्कोल्स. आम्ही सगळे आनंदाने नाचलो. एतिहाद या सिटीच्या मैदानावर तो उतरला, त्याच्याच चुकलेल्या पासवरून सिटीचा एक गोल झाला, तरी आपण ३-२ जिंकलो. पुढचे चार महिने तो इतका सुंदर खेळला की जगातला श्रीमंत म्हणवणारा क्लब निवृत्त माणसाला घरून बोलावून आणतोय, यात काही गैर आहे असं कोणाला वाटलंच नाही. त्या उन्हाळ्यात पॉग्बा युव्हेंटसला गेला. चार वर्षांनी त्याला परत आणायला ८ कोटी ९० लाख पौंड मोजले, तो तेव्हाचा जागतिक विक्रम.

२०१२ ची लीग गोल डिफरन्सवर सिटीकडे गेली, शेवटच्या मॅचमधला अग्वेरोचा तो ९३ मिनिटं २० सेकंदांचा गोल. फर्गसनने उत्तर म्हणून आर्सेनलमधून २९ वर्षांचा व्हॅन पर्सी आणला, त्याने २६ लीग गोल मारले आणि विसावी लीग ११ गुणांच्या फरकाने आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच. आत काय होतं? फर्डिनांड ३४, एव्रा ३२, विडिच ३१, गिग्ज ३९, व्हॅन पर्सी तिशीला टेकलेला, स्कोल्स दुसऱ्यांदा निवृत्त. यातले बचावातले तिघे, फर्डिनांड, एव्रा आणि विडिच, पुढच्याच उन्हाळ्यात, २०१४ मध्ये, एकदम निघून गेले.

म्हणून "फर्गसन गेला तिथे संपलं" म्हणणारे चूक नाहीत, ते अर्ध्यावर थांबतात एवढंच. क्लबमध्ये स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचं धोरण ठरवणारा अधिकारी) नव्हता, कोणाला घ्यायचं, कोणाला कधी विकायचं, अकादमीतून कोणाला वर आणायचं हे सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. आणि २०१३ मध्ये त्याच्याबरोबर क्लबचा मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेला. सौदे तो करायचा. एका उन्हाळ्यात दोन्ही खुर्च्या रिकाम्या. गिलच्या जागी आला एड वुडवर्ड, ग्लेझरांना क्लब घेताना मदत केलेला बँकर. माझ्या मते फर्गसनच्या जागी आलेल्या मॉयेसपेक्षा ही नेमणूक महाग पडली.

मिडफिल्डर फेलायनीचा किस्सा पुरेसा आहे. एव्हर्टनशी त्याच्या करारात २ कोटी ३५ लाखांत सोडण्याचं कलम होतं, जुलैअखेरपर्यंत. ती मुदत निघून जाऊ दिली, आणि डेडलाइन डेच्या, म्हणजे विंडो बंद व्हायच्या, रात्री त्याच माणसाला २ कोटी ७५ लाख देऊन आणलं. मॉयेस आधी एव्हर्टनचाच मॅनेजर होता, म्हणजे कलम माहीत नव्हतं म्हणावं तर तेही नाही!

मॉयेसलाही मोकळं सोडत नाही मी. फेलन, म्यूलेन्स्टीन, स्टील ही फर्गसनची सगळी कोचिंग मंडळी त्याने आल्या आल्या काढली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तळाला असलेली फुलहॅम ओल्ड ट्रॅफर्डवर आली, मॅनेजर कोण, तर तोच म्यूलेन्स्टीन. आपल्याकडे रविवारी रात्री साडेनऊला मॅच होती. युनायटेडने ऐंशीहून जास्त क्रॉस मारले. एकामागून एक, एकामागून एक, जेवण होऊन ताटं उचलली तरी क्रॉस चालूच. फुलहॅमचा उंचापुरा डॅन बर्न नंतर म्हणाला की इतके हेडर तो खालच्या लीगमध्ये खेळत असल्यापासून मारले नव्हते. शेवटच्या क्षणी डॅरेन बेंटने गोल करून २-२. म्यूलेन्स्टीनला त्यापुढे काही दिवसांतच फुलहॅमनेही काढलं, पण ती रात्र त्याची होती.

इथे ग्रुपमधला कोणीतरी हमखास म्हणेल, "२०१३ नंतर ग्लेझरांनी किती पैसा ओतला, मग त्यांना दोष का?" बरोबर आहे. डी मारियाला ५ कोटी ९७ लाख देऊन आणला आणि वर्षात विकला. पॉग्बा, मॅग्वायर, अँटनी, आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण फर्गसन होता, कशाला किती द्यायचे हे कळत होतं, तेव्हा हात आखडता. आणि तो गेल्यावर, आता कळणारं कोणी उरलं नाही म्हटल्यावर, पाकीट उघडलं. त्या चार वर्षांत, २००९ ते २०१३, दोन मिडफिल्डर घेतले असते आणि एक शहाणा स्पोर्टिंग डायरेक्टर फर्गसनच्या हाताखाली तयार केला असता तर मॉयेससुद्धा सातवा आला नसता. क्लबने हे पद भरलं ते मार्च २०२१ मध्ये.

आता तुमच्या काळाचं. २०१८ ला मोरिन्योची मागणी रास्त होती. त्याला सेंटर-बॅक नाकारला, तेव्हा मॅग्वायरचं नाव चर्चेत होतंच, आणि वर्षभराने पुढचा मॅनेजर सोल्शारसाठी तोच मॅग्वायर ८ कोटींना आणला. पण याला टर्निंग पॉइंट म्हणू नका. त्याऐवजी तारखा बघा. मोरिन्योला जानेवारी २०१८ मध्ये करार वाढवून दिला, डिसेंबरमध्ये काढला. सोल्शारला जुलै २०२१ मध्ये नवा करार, नोव्हेंबरमध्ये नारळ. त्यानंतरच्या टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला, ऑक्टोबरमध्ये घरी. तीनदा! आपला मॅनेजर चांगला आहे की नाही हे ठरवणारं डोकंच वर नाही, म्हणून हे होतं. रोनाल्डोला २०२१ मध्ये परत आणलं त्यावरही तुमच्याकडे भांडणं होत असतील, पण तो एक सीझनचा गोंधळ होता, त्याला एवढं मोठं करू नये.

जिम रॅटक्लिफ हा नवा भागीदार-मालक आल्यावर तरी बदलेल असं मला खरंच वाटलं होतं. डॅन अ‍ॅशवर्थसाठी न्यूकॅसलशी महिनोन् महिने घासाघीस करून, भरपाई देऊन त्याला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलं. तो जुलै २०२४ मध्ये रुजू झाला आणि डिसेंबरमध्ये गेला. त्या उन्हाळ्यात टेन हागसाठी आयाक्समध्ये त्याच्या हाताखाली खेळलेले डे लिख्ट आणि मझरावी घेतले, आणि नोव्हेंबरमध्ये तीन सेंटर-बॅक खेळवणारा मॅनेजर अमोरिम आणून बसवला. त्याला ना त्याच्या पद्धतीचे विंगबॅक (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे), ना धड प्री-सीझन. लीगमध्ये ४२ गुण आणि पंधरावा नंबर, बिल्बाओत टॉटनहॅमसारख्या सतराव्या आलेल्या टीमकडून युरोपा लीगची फायनल ०-१. आणि त्या सीझनमध्येही मिडफिल्डला कोणाकडे वळावं लागत होतं? तिशी ओलांडलेल्या कॅसेमिरो आणि एरिक्सनकडे.