नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत

प्रश्न: मी 68 वर्षांची, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. 2011 पासून अमेरिकेची नागरिक आहे, ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते) आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी 4 जुलैला कासाब्लांकाला आले. अमेरिकी पासपोर्टवर मोरोक्कोला व्हिसा लागत नाही आणि तीन महिने राहता येतं, असं कळल्यामुळे 3 ऑक्टोबरचं परतीचं तिकीट काढलं होतं. 26 सप्टेंबरला न्हाणीघरात पाय घसरला आणि घोटा मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घालून तीन आठवडे विमानप्रवास नको असं लिहून दिलं. आता तिकीट 22 ऑक्टोबरचं आहे. आज 8 तारीख. जावई म्हणतात, विमानतळावर प्लास्टरचे कागद दाखवले की सोडतील. त्यांचा एक सहकारी म्हणतो, गाडीने सेउताला जाऊन या, नवा शिक्का मिळेल. ओळखीतून एक एजंट भेटला, तो पैसे घेऊन मागच्या तारखेचा शिक्का मारून देतो म्हणतोय. यातलं काय करावं? माझं ओसीआय जाईल का? पुढच्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाला इथे येऊ देतील का? माझे यजमान भारतीय नागरिक आहेत, त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. त्यांनी मदतीला यावं का?

उत्तर: ताई, आधी त्या एजंटाचं बोलू. तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी तुम्हाला खरोखर तुरुंगाच्या दारात नेऊन उभा करील असा तो एकच आहे. तुमचा पासपोर्ट उघडा. 4 जुलैच्या शिक्क्यापाशी आकडे आणि अक्षरं मिळून एक क्रमांक दिसेल. मोरोक्कोत पहिल्यांदा प्रवेश करताना पोलीस तो देतात आणि हॉटेलात उतरलात तर नोंदणीच्या फॉर्मवर तोच विचारतात. म्हणजे तुमचा प्रवेश कागदावर एका ठिकाणी आणि पोलिसांच्या संगणकात दुसऱ्या ठिकाणी नोंदलेला आहे. एजंट कागदावर शिक्का मारील, संगणकाचं काय करणार? विमानतळावरच्या शिपायाला दोन तारखा जुळत नाहीत हे कळायला एक मिनिट पुरतं. आज तुमच्याकडून झालाय तो मुदत उलटल्याचा गुन्हा, त्यावर दंड भरून सुटता येतं. बनावट शिक्क्यानंतर तो सरकारी दस्तऐवजाच्या बनावटीचा होईल. शिवाय तुमच्या हातातला पासपोर्ट कायद्याने अमेरिकी सरकारच्या मालकीचा आहे. त्यात खाडाखोड करणं हा अमेरिकेतही गुन्हा आहे आणि त्याला 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एजंटाचा फोन घेऊ नका. पासपोर्ट तर त्याच्या हातात अजिबात देऊ नका, ‘फक्त बघायला’ म्हणाला तरीही. उद्या कोणी ‘पासपोर्ट हरवला म्हणून तक्रार द्या’ असं सुचवलं, तर ती वाटही याच गावाला जाते.

आता सेउता. ते गाव स्पेनचं, पण मोरोक्कोच्या जमिनीला चिकटलेलं, म्हणून लोकांना वाटतं की फाटक ओलांडून चहा पिऊन परत यायचं. जावयांच्या सहकाऱ्याने हे केलंही असेल, पण त्याने ते मुदतीच्या आत केलं असणार. सेउतात शिरायच्या आधी मोरोक्कोचा बाहेर पडण्याचा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो देणारा पोलीस आधी आत आल्याची तारीख बघतो. म्हणजे विमानतळावर जे होईल तेच सीमेवर होईल. फरक एवढाच की चार-साडेचार तास मोडका पाय घेऊन गाडीत बसल्यावर आणि मुलीच्या घरापासून दूर, अनोळखी गावात होईल. मुदतीच्या आत असतानाही नवे 90 दिवस हा काही हक्क नाही, ते परत आत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. तेव्हा सेउता डोक्यातून काढून टाका.

जावयांचा सल्ला या दोघांपेक्षा बरा आहे. पण तो कागद त्यांनी चुकीच्या दारात दाखवायचा ठरवलाय.

मोरोक्कोत परदेशी माणसांचा प्रवेश आणि मुक्काम 2003 च्या 02-03 क्रमांकाच्या कायद्याने चालतो. पर्यटक म्हणून आलेल्या अमेरिकी नागरिकाला 90 दिवस व्हिसा लागत नाही. जास्त राहायचं असेल तर ते दिवस संपायच्या आत, कारण देऊन, पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. अर्ज न करता मुदत उलटली, तर देश सोडण्याआधी न्यायाधीशासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे दंड होऊ शकतो. विमानतळावरचा पोलीस हा न्यायाधीश नव्हे. दंड ठरवण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार त्याला नाही. तो फक्त तुम्हाला थांबवून ‘आधी कोर्टाचं उरकून या’ म्हणू शकतो. तोवर सामान बेल्टवरून आत गेलेलं, व्हीलचेअरवाला ताटकळलेला आणि विमान निघालेलं. प्लास्टरचे कागद तुम्हाला वाचवतील ते कोर्टात. विमानतळावर त्यांचा उपयोग व्हीलचेअर मिळण्यापुरता.

या कायद्याच्या 42 व्या कलमात, दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहणाऱ्याला 2,000 ते 20,000 दिरहम दंड, एक ते सहा महिने कैद किंवा दोहोंपैकी एक शिक्षा सांगितली आहे. 43 वं कलम रहिवासी कार्डाविना राहणाऱ्यांचं, त्यातला दंड आणखी मोठा. कैद हा शब्द वाचून घाबरू नका. 68 वर्षांची बाई, पायाला प्लास्टर, हातात परतीचं तिकीट आणि आपणहून चालत (म्हणजे लंगडत) आलेली, अशा प्रकरणात कैदेपर्यंत गोष्ट जाईल असं मला वाटत नाही. डॉलरला साधारण दहा दिरहम धरले तर दंडाचा खालचा आकडा 200 डॉलरच्या आसपास येतो. पण खरी किल्ली त्याच 42 व्या कलमात आहे: अटळ परिस्थिती किंवा ग्राह्य धरता येईल असं कारण असेल तर शिक्षेतून सूट आहे. घोटा मोडणं हे तसं कारण आहे.

इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. तुमचं पहिलं तिकीट 3 ऑक्टोबरचं होतं. 4 जुलै हा पहिला दिवस धरून मोजा: जुलैचे 28, ऑगस्टचे 31, सप्टेंबरचे 30, झाले 89. नव्वदावा दिवस म्हणजे 1 ऑक्टोबर. तुम्ही तीन महिने मोजलेत, कायदा दिवस मोजतो. म्हणजे पाय मोडला नसता तरी तुम्ही विमानतळावर दोन दिवस उशिराने पोचला असता. सरकारी वकिलाने तुमची कागदपत्रं चाळली तर त्याला हे दिसेल, आणि मग ‘अपघातामुळे राहिले’ या तुमच्या सरळ म्हणण्यावर तो बोट ठेवील. ते जुनं तिकीट लपवू नका. त्याची प्रत तुम्हीच पुढे करा आणि सांगा की मोजण्यात दोन दिवसांची चूक होती, पण अपघात 26 सप्टेंबरचा, म्हणजे 85 व्या दिवशीचा, मुदत शिल्लक असतानाचा. त्यानंतरचा सगळा मुक्काम डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तारखा तुमच्या बाजूने आहेत. जुनं तिकीट आणखी एक गोष्ट सिद्ध करतं: तुमचा परत जायचा इरादा होता. मुदतवाढीचा अर्ज 26 तारखेनंतरच्या त्या पाच-सहा दिवसांत व्हायला हवा होता, हे खरं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते सुचलं नाही हे कोणत्याही न्यायाधीशाला पटण्यासारखं आहे, पण ते तुम्ही स्वतःहून सांगायला हवं.

उद्याच मुलीला किंवा जावयांना तुमच्या भागाच्या पोलीस प्रीफेक्चरमधल्या (मुख्य पोलीस कचेरीतल्या) परदेशी नागरिक विभागात पाठवा, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी तुम्हाला घेऊन यायचं ते विचारून घ्या. सकाळी जायला सांगा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत कचेऱ्या ओस असतात, त्या वेळेवर काही ठरवू नका. सोबत काय असावं? पासपोर्ट आणि त्याच्या प्रती, 4 जुलैच्या शिक्क्याच्या पानासह. दोन्ही तिकिटं. इस्पितळाचे कागद, एक्स-रेचा अहवाल आणि डॉक्टरांचं ते पत्र, ज्यावर तपासल्याची तारीख आणि किती दिवस प्रवास करू नये हे स्पष्ट लिहिलेलं हवं. तसं नसेल तर डॉक्टरांकडून नवं लिहून घ्या. मुलीचं किंवा जावयांचं रहिवासी कार्ड, त्यांच्या घराचा भाडेकरार, बाळाचा जन्मदाखला. कागद इंग्रजीत असतील तर फ्रेंच किंवा अरबी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्या.

साधारणपणे पोलीस जबाब नोंदवतात, तो राजाच्या सरकारी वकिलाकडे जातो, तिथून प्रकरण प्राथमिक न्यायालयात. हे एका दिवसात उरकेल की चार दिवस लागतील हे शहरावर आणि गर्दीवर ठरतं. तुमच्याकडे दोन आठवडे आहेत, पण ते खिडकीत बसून घालवण्यासाठी नाहीत. जबाब अरबीत लिहितात. दुभाषा मागा, आणि शब्दन्‌शब्द समजल्याशिवाय सही करू नका, घाई केली तरी. मुलीला फ्रेंच येत असली तरी स्थानिक वकील बरोबर घ्या. मी तिथल्या कोर्टात उभी राहू शकत नाही, आणि असल्या कामात चार ओळी ओळखीच्या भाषेत बोलणारा माणूस फीचे पैसे वसूल करून देतो. कासाब्लांकातल्या अमेरिकी वकिलातीकडून वकिलांची यादी मिळते. वकिलातीला आजच ईमेल करून कळवून ठेवा, पण त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका: तिथला कायदा वकिलात तुमच्यासाठी बाजूला सारू शकत नाही. दंड झाला तर त्याची मूळ पावती आणि निकालाची प्रत पासपोर्टासोबत ठेवा आणि 22 तारखेला विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

ओसीआयबद्दल निर्धास्त राहा. भारताच्या नागरिकत्व कायद्यातल्या 7 ड कलमाखाली आणि 2025 च्या गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेनुसार गुन्ह्यावरून ओसीआय रद्द होण्याची वेळ येते ती दोन वर्षं किंवा अधिक कैद झाली, अथवा सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं तर. मुदत उलटल्याचा दंड त्या पायरीपर्यंत पोचतच नाही. बनावट शिक्क्याचं प्रकरण मात्र पोचू शकतं, तेव्हा एजंटाचा विषय इथेही संपतो. अमेरिकेत परतताना नागरिक म्हणून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. तुमच्याकडे ग्लोबल एंट्री (अमेरिकेत शिरताना झटपट तपासणीची सवलत) असेल तर तिच्या नियमांत कोणत्याही देशाच्या इमिग्रेशन कायद्याचा भंग केलेल्यांना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. ती जाऊ शकते. नूतनीकरणाच्या वेळी किंवा उद्या दुसऱ्या देशाच्या व्हिसा फॉर्मवर असा प्रश्न आला तर खरं लिहा आणि निकालाची प्रत जोडा. दंड झाला म्हणून नाकारलेल्यांपेक्षा तो लपवला म्हणून नाकारलेले मी जास्त पाहिले आहेत.

यजमानांना बोलावू नका. ते भारतीय पासपोर्टवर येतात, म्हणजे त्यांना तुमच्यासारखी सूट नाही. मोरोक्कोचा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा आणि 30 दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचा असतो, त्यामुळे ते आधी एकदा येऊन गेले असले तर नवा काढावा लागेल, आणि कोर्टात त्यांचं काही काम नाही. तिथे गरज आहे ती फ्रेंच किंवा अरबी बोलणाऱ्याची.

पुढच्या वर्षीचं. दंड भरून, आपणहून बाहेर पडलात तर तेवढ्यावरून दरवाजा बंद होत नाही, पण प्रवेशाच्या खिडकीवरचा अधिकारी मागचा मुक्काम बघून प्रश्न विचारू शकतो. परतीचं तिकीट 80 व्या दिवसाच्या आतलं घ्या. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं अशा) 180 दिवसांतले 90 असा हिशेब असतो, तो इथे लावू नका; इथे प्रत्येक प्रवेशापासून मोजायचं. नातवाजवळ सहा महिने राहायचं मनात असेल तर पर्यटक म्हणून ताणत बसू नका, आल्यावर पहिल्या महिन्यातच परदेशी नागरिक विभागात रहिवासी नोंदणीचा अर्ज करा. मुलगी-जावई तिथे राहतात, त्यामुळे पत्त्याचा पुरावा तुमच्याकडे तयारच आहे.

एक घरगुती सूचना: दंडासाठी बँकेतून गरजेपेक्षा जास्त दिरहम काढू नका. जाताना 2,000 पेक्षा जास्त दिरहम देशाबाहेर नेता येत नाहीत.

बाळाच्या अमेरिकी नागरिकत्वाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते राहून जायला नको. वडील भारतीय नागरिक असतील आणि आई अमेरिकेची, तर आईने बाळाच्या जन्माआधी एकूण पाच वर्षं अमेरिकेत प्रत्यक्ष वास्तव्य केलेलं असणं आणि त्यातली दोन 14 व्या वाढदिवसानंतरची असणं लागतं. मुलगी कोणत्या साली अमेरिकेत आली, कुठे शिकली आणि भारतात किती काळ राहिली ते लिहून पाठवा. शाळेचे दाखले शोधून ठेवायला सांगा. वकिलातीकडे तुमच्या पायाच्या कामासाठी संपर्क करताच आहात, तर परदेशातल्या जन्माच्या नोंदीची वेळही त्याच वेळी मागून घ्या.